तिसरी गाठ

"कुठं हाय तुमची गाठ? दावा की मला, कुठं हाय?"

विजयसिंह विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून गॅलरीतल्या पाण्यात उभा होता. वॉशिंग मशीनचा सांडपाण्याचा पाईप मोरीबाहेर फरशीवर लोळत पडला होता. त्याला ना पट्टी होती, ना दोरी. पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये गेलं होतं, आणि खालच्या मजल्यावरची बाई छताला ओल आली म्हणून सकाळी सकाळी भांडून गेली होती.

गणपती मिस्त्रीच्या अंगाची लाही लाही झाली. मंगळवारी त्यानं हा पाईप प्लास्टिकच्या पट्टीनं मोरीतल्या नळीला आवळला होता. गुरुवारी पुन्हा पाणी झालं. शुक्रवारी येऊन त्यानं नायलॉनच्या दोरीनं बांधला, हिसके देऊन पाहिला, मगच घरी गेला. आणि आज रविवारी हे.

"साहेब, मी बांधून गेलतो."

"मग दोरी काय पाय फुटून रंकाळ्यावर फिरायला गेली? पावणं, तुमी बांधलंच न्हाय. मी कामावर असतो, घरात म्हातारं माणूस बघितलं आन् हात झटकून गेलासा!"

"ह्या आक्कांच्या म्होरं बांधलंय. त्यास्नीच इचारा."

आक्का म्हणजे विजयसिंहची आई, धोंडुबाई. अंगठ्याला हळदीची चिंधी गुंडाळून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "व्हय रं, बांधलं हुतं त्यांनी. ती गाठ हाय न्हवं..."

"आई, तू मधी बोलू नको. तुला ह्यातलं काय कळत न्हाय."

खरं तर या मशीनचं अर्धं काम तीच करत असे. चार वर्षं तो पाईप मशीनमागच्या खिळ्याला अडकवलेला असायचा. लेकानं कपडे टाकले की आईनं तो खिळ्यावरून काढायचा आणि मोरीत सोडायचा. गेल्या सोमवारी मशीननं पाणी फेकताना हिसका बसून पाईप बाहेर उडाला, म्हणून गणपतीला बोलावणं गेलं होतं.

विजयसिंहनं सरळ गणपतीला पाठवणाऱ्या दुकानाच्या मालकाला, बाळासोंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गणपतीच्या समोरच त्यानं सगळं तोंडसुख घेतलं. खोटारडा माणूस, कामचुकार माणूस, असला माणूस घरात पाठवता कसा?

"गणपा," फोनमधून बाळासोंचा आवाज आला, "एका पाईपापायी दोन तक्रारी? आता परत पाणी आलं तर हत्यारांची पिशवी दुकानात आणून ठिव आन् घरला जा."

बावीस वर्षं गणपती त्या दुकानात होता. बावीस वर्षांत त्याला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. घरातलं काहीही बिघडू दे, पहिला चोर ठरतो तो पिशवी घेऊन दारात उभा असलेला माणूस! त्याच्या शब्दापेक्षा ओल्या फरशीचा शब्द मोठा. पण तो गुडघे टेकून खाली बसला.

त्यानं पाईप नळीत वीतभर घातला. कुठं मुडपत नाही ना, ते पाहिलं. मग दोरीचे चार वेढे घेतले आणि दाव्याची गाठ मारली. त्याच्या घरी म्हशी होत्या. जितकं ओढावं तितकी आवळत जाणारी ती गाठ त्याला बापानं शिकवली होती. शुक्रवारी एकच मारली होती, आज एकीवर दुसरी मारली.

"ओढून बघा," तो म्हणाला.

विजयसिंहनं दोन्ही हातांनी ओढलं. पाईप तसूभरही हलला नाही.

"आता मशीन लावा. पाण्याचा एक थेंब जरी भाईर आला, तर पिशवी मीच नेऊन ठेवतो दुकानात. तवर मी हितनं हलत न्हाय."

"बाळासो, फोन ठेवू नका," विजयसिंह म्हणाला. "काय हुतंय ते ऐकाच तुमी बी."

त्यानं मशीनमध्ये चादरी कोंबल्या, पावडर टाकली, झाकण लावलं. बटणावर बोट ठेवलं आणि मशीन घरात आल्यापासून रोज देतो तशी, मान न वळवताच स्वयंपाकघराकडं हाक दिली, "आई, पाईप सोडलास का?"

"आले, आले!"

धोंडुबाई लगबगीनं आली. पदर खोचून पाईपापाशी उकिडवी बसली. गाठीवर गाठ पाहून तिचा चेहरा पडला. तिनं चिंधीचा अंगठा जपत दोरीचं टोक दातात धरलं.

विजयसिंहचं बोट बटणावरच राहिलं. "आई, काय करालीस?"

"सोडालेय की!" धोंडुबाई दोरी तोंडातून काढून म्हणाली. "तूच सांगतोस न्हवं रोज, पाईप सोड म्हणून? त्या दिवशीची पट्टी इळीनं कापली. आज सकाळी दोरी सोडताना नख मोडलं माझं. तेच सांगालते मगाशी, तर गप म्हणालास."

फोनमध्ये बाळासो नुसते खोकले.

धोंडुबाईनं गणपतीकडं पाहिलं. चिंधी बांधलेला अंगठा त्याच्यापुढं धरून अगदी अजिजीनं ती म्हणाली, "पावणं, तुमचं बांधणं लई चोख, त्यात वाद न्हाय. पर जरा सैल बांधत जावा की. रोज सोडायचा असतो त्यो."