थांबण्याची सूचना

दुपारी दीडला शाल्मली घरी आली, तेव्हा बाबा जेवून आपलं ताट विसळत होते. लकव्यानंतर त्यांच्या मेंदूत चिप बसवून सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत लेक आल्याशिवाय त्यांनी घास तोंडात घातला नव्हता.

"बाबा, माझ्यासाठी थांबला नाहीत?"

"कशाला थांबायचं?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

तिने खांद्यावरची बॅग न उतरवताच लॅपटॉप उघडला. चिपचा प्रोग्रॅम ज्या कंपायलरमधून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, तयार व्हायचा, तो जगभरचे स्वयंसेवक फुकट सांभाळत, आणि शाल्मली त्यांतलीच एक. गेल्या आठवड्यात तिने त्यात एक बारीकशी सुधारणा केली होती. प्रोग्रॅममधला एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, दुसऱ्यासाठी विनाकारण ताटकळत असेल, तर ती थांबण्याची सूचनाच गाळायची. चाचण्यांनी फक्त वेग मोजला. विनाकारण म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही. आज सकाळी ती सुधारणा ऐंशी हजार डोक्यांत पोचली होती.

"बाबा, माझं चुकलं. मी तो बदल मागे घेते, मग तुम्हाला पुन्हा..."

"नको," तिचं बोलणं पुरं व्हायची वाट न बघता बाबा म्हणाले. "इतकं हलकं मला सहा वर्षांत वाटलं नव्हतं."