बोर्डावरचा नंबर

हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं हिंदी शिकवलं. तिथे समुपदेशकाची जागा कधी भरलीच नाही. दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊन ते काम माझ्याच गळ्यात घातलं आणि 'काउन्सेलर' म्हणून माझा नंबर जिन्याजवळच्या बोर्डावर रंगवला. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नवीन माणूस नेमला नाही, आणि नंबरही कुणी पुसला नाही. परीक्षा जवळ आल्या की अजून मुलांचे फोन येतात.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून एका मुलीचा आला. रडून रडून घसा बसलेला, बोलणं अगदी कुजबुजल्यासारखं.

"मॅडम, कल की सुबह होनाच नक्को मेरेकू."

एक्क्याण्णव साली अशीच हळू बोलणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिला म्हणाले, डबा खाऊन येते, मग बोलू. दुसऱ्या दिवशी तिचा बाक रिकामा होता, आणि नंतर कायमचाच.

नात आतल्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसली होती, म्हणून मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत बोलत राहिले. तिला फोन ठेवू द्यायचा नव्हता.

"बेटा, नाम नक्को बता. खाली इतना बोल, अभी घर में कौन है? जा, उनके पास जाके बैठ."



"मेरी आजी है, मॅडम. पन वो बाहर हॉल में किसीसे फोन पे बात कर रई."