पहिल्या नंबराचा नारळ

खंडेनवमीच्या सकाळी जिनदत्तशेठनी ताटातला नारळ उचलला आणि जुन्या सवयीनं भरमाण्णाच्या हातात दिला.

निपाणीच्या त्या मोटार कंपनीत नारळ फोडायचा मान पहिल्या नंबराच्या, म्हणजे नोकरीत सगळ्यांत जुन्या डायवरचा. चारही गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या होत्या. भरमाण्णानं सणासाठी परटाकडून धुऊन आणलेलं धोतर नेसलं होतं. त्यानं पहिल्या गाडीला हात जोडले, तेवढ्यात दिवाणजी परशराम खाकरला.

"मालक, मान मष्णूचा येतो. भरमाची नोकरी आषाढापासनं धरलीया. त्यो आता चौथा."

मष्णू दोन पावलांवर उभा होता. त्याच्या काखेत कागदाची पुडी होती आणि पुडीत नवंकोरं पांढरं उपरणं. त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, ते खास आणवलं होतं. नारळ फुटला की भरमाण्णाच्या खांद्यावर घाला, असं तिनं निघताना दोनदा बजावलं होतं. अण्णा कामावर परत आले म्हणजे पहिल्या नंबरावरच आले, असं ती बिचारी धरून चालली होती. नंबर कसे लागले ते मष्णूला महिन्यापूर्वीच कळलं होतं. घरात त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

कारण शालूबाई काही विसरलेली नव्हती. लढाईत पेट्रोल रेशनवर गेलं आणि एकच गाडी चालवायची ठरली, तेव्हा तिच्यावरचा हक्क भरमाण्णाचा होता. बाकीच्यांनी घरी बसायचं, बोलावणं येईल तेव्हा यायचं. शालूबाईला सातवा महिना होता. भरमाण्णा आपण होऊन शेठना म्हणाला, मष्णूला ठेवा, माझी अक्कोळात थोडी जमीन आहे, सहा महिने कसेही काढीन. सहा महिन्यांची चार वर्षं झाली. ती चार वर्षं मष्णूनं त्याची गाडी चालवली. लढाई संपल्यावर दोन नवे डायवर घेतले गेले, आणि भरमाण्णाला बोलावणं गेलं ते त्यांच्याही मागून.

शेठ घोटाळले. माणूस भला, पण सणाच्या दिवशी वाईटपणा घ्यायची त्यांची तयारी नव्हती. परशरामचं म्हणणं, नियम तो नियम. जितकी वर्षं गाडीवर, तितकीच नोकरी, आणि मोडली की पहिल्यापासून. शेठनी मष्णूकडं पाहिलं.

"तूच सांग मष्णू. भरमाची जुनी वर्षं धरली तर त्यो पहिला, तू दुसरा. धरायची का?"

पहिला म्हणजे कोल्हापूरची फेरी, महिन्याला आठ रुपये जास्त. चौथा म्हणजे चिकोडीचा कच्चा रस्ता आणि नवख्याचा पगार. मष्णूनं फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण आठ रुपये गेली चार वर्षं घरात येत होते, त्यांची सवय झाली होती.

"मालक म्हणतील तसं," तो म्हणाला.

मालक त्यालाच विचारत होते, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मष्णूला वाटलं, अण्णानं एक सणसणीत शिवी हासडावी म्हणजे सुटलो.

भरमाण्णानं शिवी दिली नाही. तो नारळ घेऊन आला आणि मष्णूच्या हातात देत हळूच म्हणाला, "एका दणक्यात फोड. दुसरा मारू नगं."

मष्णूला तीन दणके लागले.

मग राहिलं शेवटच्या नंबराचं काम. त्या दिवशी क्लीनरला सुट्टी असते. पहिल्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि हँडल मारून ती सुरू करून द्यायची, हे चौथ्याच्या वाट्याचं. भरमाण्णानं चाकांपुढं उकिडवं बसून लिंबं ठेवली. मष्णू वर जाऊन बसला, पुडी मांडीवर घेऊन. समोर काचेतून भरमाण्णाचं मुंडासं तेवढं दिसत होतं, खाली जायचं, वर यायचं. पूर्वी मष्णू हँडल मारायचा तेव्हा भरमाण्णा दर वेळी खिडकीतून वाकून त्याचा हात बघायचा. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं, म्हणून. आज मष्णूची मान काही वळली नाही.

तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. चाकं पुढं सरली, लिंबं चिरडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मष्णूनं गाडी थांबवली. भरमाण्णा हँडल काढून खिडकीपाशी आला. दोन्ही हात वंगणानं काळेभोर झाले होते, श्वास लागला होता.

"हात पुसायला काय हाय का रं?"

फडकं मष्णूच्या पायाशीच पडलं होतं. पण त्यानं पुडी फाडली आणि उपरणं खिडकीतून बाहेर धरलं. शालूनं दिलंय, एवढं सांगणंही त्याला जमलं नाही.

भरमाण्णानं उपरण्याकडं पाहिलं. हात लावला नाही.

"नवं हाय की रं. उगं खराब हुईल," तो म्हणाला, आणि त्यानं हात आपल्या धोतराला पुसले.