तीन मिनिटं

चारला पाच कमी असताना टेलिफोनबाईंनी टेबलावरचं घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दर मंगळवारी ठेवत.

"झाली ड्यूटीची वेळ?" भाचा दारात चपला चढवत म्हणाला. "मावशी, उद्या अकराला डॉक्टरांकडे जायचंय. लक्षात आहे ना?"

"मी कुठे येते म्हणाले?"

"दात दुखला तर दातवाल्याकडे जातेस. मन दुखलं तर मनवाल्याकडे जायचं, एवढंच."

"दातांचं मला नको सांगूस. माझे केव्हाच पेन्शनीत गेले."

तो हसला नाही. "परवाचा डबा तसाच आहे," म्हणाला.

पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर केस औषधाला नाहीत, पण ओठ दुमडायची लकब थेट त्याच्या आईची. बाईंनी नजर फिरवली. अलीकडे त्या त्याच्या तोंडाकडे फार वेळ बघत नसत.

तो गेल्यावर त्या फोनपाशी बसल्या. फोन जुना, काळा, वजनदार. घंटा वर्षभर मुकी होती. भाचा म्हणे दुरुस्त करू, त्या म्हणत, माझं काही अडत नाही. फोन डगमगू नये म्हणून खाली एक कागद चार घड्या घालून सरकवला होता. अडलेल्यांशी फोनवर बोलणाऱ्या केंद्राचा कागद, भाच्यानेच आणून दिलेला.

चार वाजता त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे पोरगी होतीच.

"बोल, पोरी. मी ऐकतेय."

एक्स्चेंजमधल्या तीस वर्षांत कमावलेला आवाज होता तो. ना जास्त गोड, ना कोरडा. समोर दोनशे भोकांचा बोर्ड, दिवा लागला की पिन खोचायची, काम झालं की ओढायची. तो बोर्ड भंगारात गेला, आवाज राहिला.

"बाई, याही आठवड्यात झोप नाही," पोरगी म्हणाली. "पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतातच."

"आणि मग जुनं काहीबाही डोक्यात फिरत राहतं."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं. जेवतेस का?"

"ताट वाढून घेते. मग झाकून ठेवते."

"असं नाही चालायचं. डॉक्टरकडे जा म्हटलं होतं ना मी?"

"भीती वाटते. लोक वेडी म्हणतील."

"दात दुखला तर दातवाल्याकडे जातेस ना?" बाई फटकन म्हणाल्या, आणि स्वतःशीच ओशाळल्या. "हे माझं नाही हं. उसनं आहे."

पोरगी हसली. मग हळूच म्हणाली, "जाऊन तरी काय व्हायचंय? माझं मेलीचं असंच चालायचं."

हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. याच कानाने.

"ऐक," त्या म्हणाल्या. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला एक धाकटी बहीण होती. बाळंत झाली, मुलगा झाला, आणि ती हसायचीच थांबली. दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. सासरचे म्हणायचे, कामचुकार आहे. एकदा तिने परगावाहून ट्रंककॉल लावला. आला तो माझ्याच बोर्डावर."

"मग?"

"ताई, मला बरं वाटत नाही गं, म्हणाली. माझं असंच चालायचं, म्हणाली. मी म्हटलं, पहिलटकरणीला होतंच असं. मागे सुपरवायझर उभी. तिला आम्ही घड्याळ म्हणायचो. तीन मिनिटं झाली की पिन ओढायची, हा नियम. बहीण म्हणाली, ताई, अजून एक सांगायचंय. मी पिन ओढली."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आठव्या दिवशी तार आली. मुलगा मी वाढवला. तो मला देव मानतो. आणि मी त्याला अजून सांगितलेलं नाही, की तुझ्या आईचा शेवटचा फोन मी तोडला."

"बाई, किती वर्षांच्या होतात तुम्ही?"

"तेवीस."

"तो आजार असतो हे तेवीस वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं कुणी?"

बाई नाक ओढून म्हणाल्या, "माझं सोड. तू जाणार की नाही? मला दुसऱ्यांदा नाही सोसायचं, पोरी."

"एकटीला नाही जमणार."

"आई आहे? नवरा? मैत्रीण?"

"तुम्ही जाल तर मी जाईन."

बाई भिंतीकडे तोंड केलेल्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"उद्या अकरा," शेवटी त्या म्हणाल्या. "तू तुझ्या डॉक्टरकडे, मी माझ्या. बरोबर अकराच्या ठोक्याला. कबूल?"

"कबूल."

"मग ठेव. आधी तू ठेव. मी आधी ठेवत नाही."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, केंद्रातल्या तिसऱ्या टेबलावरच्या तरुणीने कानावरचा हेडफोन काढला आणि नोंदवही ओढली. 'फोन करणारी व्यक्ती : वृद्ध महिला, दर मंगळवारी चार. आज प्रथमच डॉक्टरांकडे जायला तयार.' पहिल्या मंगळवारी या आजी फोन लावून वीस मिनिटं गप्प बसल्या होत्या, आणि मग जुन्या सवयीने म्हणाल्या होत्या, "बोल, पोरी, मी ऐकतेय." तेव्हापासून तीच 'पोरगी' होऊन बोलत आली होती. वही मिटून तिने आपला डबा उघडला आणि नेहमीसारखा चाटूनपुसून संपवला. झोप तर तिला उशीला डोकं टेकताच लागायची.