दारावरचा पंचा

"पूस." पाळक भिमाजीरावांनी ओला पंचा पुढे केला. दारात उभ्या लंकाबाईने हात मागे घेतला.

नेवाशाजवळच्या त्या लहानशा चर्चमध्ये आज प्रभुभोजन होते. नवऱ्याने जुना धर्म सोडला नसेल, तर बायकोने दारातच कुंकू पुसावे आणि मगच भाकर व प्याला घ्यावा, हा नियम मंडळीतल्या ज्येष्ठ प्रेमलाबाईंच्या सासऱ्यांनी, ते इथले पाळक असताना, घातलेला. तीस वर्षे दर शनिवारी तो पंचा बाई स्वतः धूत आल्या होत्या. त्यावरचे लाल डाग साबणाला दाद देत नसत. त्या डागांची त्यांना किळस येई. मूर्तिपूजेची घाण, असे त्या सुनांना सांगत.

"बाप्तिस्मा घेतलास ना? मग हे कपाळावर कशाला?" पाळकांनी विचारले.

"मालक हायेत की माजे," लंकाबाई म्हणाली. "ते बगा, लिंबाखाली बसल्यात. अंगात ताप हाय, तरी मला नदीतून हितवर आनलं. सकाळी त्यांनीच कुकवाचं बोट टेकवलं. म्हनले, जा तुज्या देवाकडं. ते जित्ते असताना कसं पुसू, सायेब?"

"नियम माणूस पाहून बदलत नाही. पुसायचं नसेल, तर प्याला नाही."

बाकांवरच्या माना दाराकडे वळल्या. प्रेमलाबाईंनी बाहेर पाहिले. घोंगडीत गुरफटलेला लंकाबाईचा नवरा सूर्यभान कुडकुडत होता आणि बायकोला आत घेतात की नाही, ते मान उंचावून पाहत होता.

बाईंना तीच जुनी किळस आली. मात्र डागांची नव्हे. पंच्याची. आणि तो धुणाऱ्या हातांची.

"बाई, तुम्हीच पुसा," पाळक म्हणाले. "तुमचं ऐकेल ती."

प्रेमलाबाई उठल्या. त्यांचे सत्तरीचे गुडघे माणसापुढे टेकलेले मंडळीतल्या कुणीही पाहिले नव्हते. त्यांनी पंचा हाती घेतला. लंकाबाईने डोळे गच्च मिटले.

बाई सरळ जमिनीवर बसल्या आणि तिच्या टाचेवरचा प्रवरेचा चिखल पुसू लागल्या.

"अहो बाई, हे काय!"

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुऊन पुसले होते, भिमाजीराव. कपाळ कुणाचं पुसलं असेल, तर अध्याय सांगा."

बाईंनी पंचा झटकला आणि भिमाजीरावांपुढे धरला.

"एक पाय राहिला आहे."