मुठीतला फेस

जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी दुरुस्त करण्यात कासीमचा हात सोलापुरात कुणी धरला नसता, पण ह्या एका वस्तऱ्यानं त्याला पार वैताग आणला होता. मोडनिंबच्या आदिनाथनं आजोबांचा म्हणून तो दुरुस्तीला दिलेला. कासीमनं तीनदा शिंगाची मूठ उघडून गंज खरवडला, तेल दिलं, नवे रिव्हेट ठोकले. तरी दर सकाळी मुठीच्या आत साबणाचा ओला फेस आणि ताजा गंज.

"जाहिदा, ह्याला हात लावू नको म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मला काय दाढी करायची हाय व्हय?" बायको आतून म्हणाली.

काल गुरुवारी त्यानं मुठीला मेण चोळलं, वस्तरा पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मग जुम्म्यासाठी जाहिदानं नेहमीसारखी त्याच्या दाढीला मेंदी लावून दिली.

आज सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. कासीमनं मूठ उघडली. आत पुन्हा फेस होता, आणि फेसात मेंदीच्या रंगाचे बारीक केस.

तो चिडून हाक मारणार, तोच जाहिदा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आवो, तुमची ह्या बाजूची दाढी कुटं गेली?"