न फुटलेला पेपर

"बावीसपैकी बावीस!" परीक्षकबाईंनी निकालाचा कागद टेबलावर आपटला. "तेही सलग पाच वर्षं. बाकीच्या कॉलेजांत निम्म्या मुली गटांगळ्या खातात आणि तुमच्याकडे औषधालाही नापास नाही. मॅडम, तुम्ही मुलींना शिकवता की पेपर वाचून दाखवता?"

प्राचार्या चिडल्या नाहीत. "आधी चहा घ्या," म्हणाल्या.

परीक्षकबाई चहाला आल्या नव्हत्या. नर्सिंगच्या परवाना परीक्षेचा पेपर त्या एकट्या काढत. चाळीस प्रश्न, प्रत्येकात एक काल्पनिक पेशंट. लिफाफा सील झाला की परीक्षेपर्यंत तो कुणाच्या बापाला दिसत नसे. तेव्हा पेपर फुटतोय असं ठरलं, तर पहिलं बोट कुणाकडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. अठरा वर्षांची नोकरी आणि अब्रू, दोन्ही पणाला लागलेली. म्हणून तर या कॉलेजच्या मूल्यमापनाचं काम त्यांनी परीक्षा मंडळाच्या हातापाया पडून मागून घेतलं होतं.

येताना त्यांनी सापळाही आणला होता. यंदाचे एकोणचाळीस प्रश्न दोन तारखेलाच सील होऊन मंडळाच्या कपाटात गेले होते. चाळिसावा त्यांनी मुद्दाम मागे ठेवला आणि आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर घाईघाईने खरडला. तपशील काय, समोर दिसले ते घेतले. "अगं, आधी दोन घास खा, मग काढ त्या पोरींचा जीव," असं आईचं चाललंच होतं. कागद घडी करून पर्समध्ये टाकला तो तिथेच होता. मुलींना एकोणचाळीस प्रश्न ठाऊक निघाले आणि हा एक नाही, की चोर कपाटापाशी! आपण सुटलो.

"पेपर कुठून मिळतो तुम्हाला?" त्यांनी सरळच विचारलं.

"वॉर्डातून," प्राचार्या म्हणाल्या. "चला, दाखवते."

कॉलेजला लागूनच बारा खाटांचा वॉर्ड होता. फरशी लख्ख, चादरी ताणून बसवलेल्या, फिनेलचा वास. प्रत्येक खाटेपाशी एक-दोन मुली वही घेऊन उभ्या होत्या आणि कुणी कुजबुजतसुद्धा नव्हतं. इतक्या तरण्या पोरी एका खोलीत आणि चिडीचूप! परीक्षकबाईंना ते आवडलं नाही.

पहिल्या खाटेवर एक रंगारी होता. शिडीवरून पडलेला, बरगड्या मोडलेल्या, उजव्या हाताला दोन बोटं कमी.

परीक्षकबाईंनी बोटं दोनदा मोजली. ही दोन बोटं त्यांनीच कापली होती, तिसरा प्रश्न जरा अवघड व्हावा म्हणून.

"हे कधी आले?"

"नऊ तारखेला."

दुसऱ्या खाटेवर एक शिंपीण होती, इन्सुलिन घ्यायला विसरणारी. तिच्या बोटात सुईपासून वाचवणारं टोपण होतं, अगदी आठव्या प्रश्नातल्यासारखं. तिसऱ्या खाटेकडे परीक्षकबाईंनी पाहिलंच नाही.

"पेपर फुटत नाही हो," प्राचार्या मऊ आवाजात म्हणाल्या. "पेशंट येतात. मुली त्यांची सेवा करतात, टिपणं काढतात. महिन्या-दोन महिन्यांनी परीक्षा होते आणि पेपरात तीच माणसं असतात. पहिल्या वर्षी आमचंही धाबं दणाणलं होतं. आता सवय झाली."

"सवय? अहो, मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. प्रश्न तुम्हीच काढता ना?"

परीक्षकबाईंनी मनात हिशेब मांडला. अठरा वर्षं, वर्षाला चाळीस माणसं. पोरींचा कस लागावा म्हणून कुणाला ताप चढवला, कुणाचा पाय काढला, आणि वर आपल्याच कल्पनाशक्तीवर आपण खूश झालो.

"मागल्या वर्षी सतराव्या प्रश्नात एक आजोबा होते," त्यांनी चाचरत विचारलं.

"गेले. रविवारी पहाटे. तुम्ही लिहिलं होतंत तसेच."

शेवटच्या खाटेचा पडदा सरकवून एक चष्मेवाली मुलगी बाहेर आली. "मॅडम, नवीन पेशंट. आत्ताच शेजाऱ्यांनी आणून सोडलं."

"सांग."

"बाई, वय एकाहत्तर. स्वयंपाकघरात कोसळल्या. बोलणं अस्पष्ट. डावखुऱ्या आहेत आणि डावाच हात गेलाय. उजव्या कानात श्रवणयंत्र."

परीक्षकबाईंनी पर्समधून कागद काढला. घडी उलगडली. वय, कान, हात, सगळं अक्षर न् अक्षर तेच. अशा डावखुऱ्या म्हाताऱ्या गावात पन्नास असतील, त्यांनी स्वतःला बजावलं. पन्नास कशाला, शंभर असतील. खालची ओळ मात्र त्यांना पुन्हा वाचवेना: 'चार तासांनी पेशंट दगावते. परिचारिकेची कोणती चूक झाली?'

त्यांनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत.

"नातेवाइकांना कळवलं का गं?" प्राचार्यांनी विचारलं.

"कळवतेच. पिशवीत नंबर सापडलाय," मुलगी म्हणाली आणि टेबलावरच्या फोनचे आकडे दाबू लागली.

परीक्षकबाईंच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.